पार्किंगचे पट्टे मारण्याच्या कामाचा दर कसा काढावा : कोल्हापुरातील नव्या व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

पार्किंगचे पट्टे मारण्याच्या धंद्यात आपल्याकडे बहुतेक माणसे घरांच्या रंगकामातून येतात. भिंतीचा चौरस फुटाचा दर त्यांच्या तोंडी बसलेला असतो, त्यामुळे एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारले की पट्ट्याचाही रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या एका फुटाचा दर ते उभ्या उभ्या सांगून मोकळे होतात. मीही सुरुवातीची दोन वर्षे तसेच केले आणि दोन्ही वर्षे कामे भरपूर असूनही हातात पैसा का राहत नाही हे मला समजत नव्हते. कारण नंतर लक्षात आले. भिंतीच्या कामात रंग आणि रंगवण्याचा वेळ हेच दोन मोठे खर्च असतात. पार्किंगमध्ये मात्र गाड्या हलवून घेणे, जमीन झाडणे आणि धुणे, आखणी करणे, टेप लावणे आणि रंग वाळेपर्यंत कोणाला आत येऊ न देणे यांतच दिवस जातो. म्हणून ग्राहकाला दर फुटात सांगायचा असला, तरी तो काढायचा आपल्या दिवसाच्या खर्चावरून. ते कसे करावे हे पुढे क्रमाने सांगतो. उदाहरणातील रुपयांचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. त्या जागी प्रत्येकाने आपल्या दुकानदाराचा भाव आणि आपल्या माणसांची हजेरी घालावी.

पहिली पायरी : जागा पाहिल्याशिवाय आकडा सांगू नये

मोबाइलवर आलेल्या फोटोवरून दर सांगण्याचा मोह टाळावा. फोटोत लांबी दिसते, जमीन दिसत नाही, आणि या कामात नफा-तोटा जमीनच ठरवते. पाहणीला जाताना तीस मीटरचा टेप, पाण्याची बाटली, मास्किंग टेपचे एक रीळ आणि तारेचा ब्रश एवढे सोबत ठेवावे. जमिनीवर चार-पाच ठिकाणी थोडे पाणी ओतून पाहावे. पाणी पसरून जमिनीत मुरू लागले तर रंग धरेल. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे ऑइल आहे किंवा नव्या काँक्रीटवर ओलावा टिकावा म्हणून मारलेला क्युरिंगचा थर अजून शिल्लक आहे, असे समजावे. जुना पट्टा असेल तर त्यावर मास्किंग टेप दाबून लावावी आणि झटक्यात ओढावी. टेपबरोबर जुना रंग सुटून आला, तर आपला नवा रंगही त्या जुन्या रंगासकट निघणार आहे, आणि तक्रार मात्र आपल्या नावावर येणार आहे.

जमिनीचे प्रकार आपल्या भागात मुख्यतः चार भेटतात. जुने, घट्ट बसलेले डांबर हे सर्वांत सोपे. नवे डांबर असेल तर किमान महिनाभर थांबण्याचा सल्ला ग्राहकाला द्यावा, कारण डांबरातील तेलकटपणा वर येऊन पांढरा पट्टा पिवळट-तपकिरी पडतो. नव्या काँक्रीटलाही अठ्ठावीस दिवस होऊ द्यावेत, आणि ट्रिमिक्स केलेल्या, म्हणजे काँक्रीटमधील जादा पाणी यंत्राने शोषून काढून घोटलेल्या गुळगुळीत फरशीवर रंग धरण्यासाठी पृष्ठभाग घासून खरबरीत करण्याचा वेळ वेगळा धरावा. चौथा प्रकार पेव्हर ब्लॉकचा, आणि नवा माणूस सर्वांत जास्त फसतो तो इथेच.

एका मंगल कार्यालयाचे काम मी डांबराच्याच दराने घेतले होते. जागा पेव्हर ब्लॉकची होती, आणि मी ती पाहिलीही होती. पण पाहणे आणि हिशेबात धरणे यांत फरक असतो. पहिला हात मारला तेव्हा ब्लॉकने रंग असा शोषला की वीस मिनिटांत पट्टा जणू मारलाच नव्हता. सांध्यांमध्ये भरलेल्या क्रशसँडमुळे (दगड फोडून केलेल्या वाळूमुळे) टेपच्या खालून रंग पाझरला आणि पट्ट्याच्या कडा करवतीच्या दातांसारख्या दिसू लागल्या. दोन हातांच्या जागी तीन हात द्यावे लागले, प्रत्येक सांध्यावर बारीक ब्रशने कड पुन्हा ओढावी लागली, आणि दीड दिवसाचे काम तिसऱ्या दिवशी दुपारी संपले. ग्राहकाची यात काहीच चूक नव्हती. तेव्हापासून पेव्हर ब्लॉकसाठी मी रंग दीडपट आणि मजुरी निदान सव्वापट धरतो, आणि तसे दरपत्रकात लिहितो.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत काम घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फाउंड्रीच्या आवारात साच्याच्या वाळूची काळी, बारीक धूळ जमिनीच्या प्रत्येक छिद्रात बसलेली असते, आणि नुसत्या खराट्याने ती निघत नाही. पाण्याच्या जेटने धुवून जागा पूर्ण वाळवावी लागते, म्हणजे एक दिवस केवळ सफाईचा जातो. तो दिवस हिशेबात नसेल तर तो आपल्या खिशातून जातो.

दुसरी पायरी : मोजणी

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार मोटारीच्या एका जागेचे माप सर्वसाधारणपणे २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब, तर दुचाकीचे १ मीटर बाय २ मीटर असते. अपंग व्यक्तींच्या मोटारीसाठी ३.६ मीटर रुंदी ठेवण्याची पद्धत आहे, आणि त्यातील १.२ मीटरच्या पट्टीत तिरप्या रेघा येतात. या रेघा मोजायला बहुतेक जण विसरतात.

शेजारच्या दोन गाड्यांमध्ये पट्टा एकच असतो, ही गोष्ट कागदावर अगदी साधी वाटते, तरीही मोजणीतील सर्वांत मोठी गफलत इथे होते. वीस मोटारींच्या एका रांगेला २१ पट्टे लागतात, म्हणजे २१ गुणिले ५, एकूण १०५ मीटर. कोणी प्रत्येक गाडीला दोन पट्टे धरले तर तो आकडा २०० मीटर होतो, आणि असे दरपत्रक घेऊन गेलेला माणूस काम गमावतो. उलट, फुटाचा दर घाईत सांगून नंतर मोजणीत १०५ मीटरच भरले, तर ज्या दिवसासाठी आपण दुप्पट फूट गृहीत धरले होते तो दिवस अर्ध्या पैशांत करावा लागतो.

मोजताना जागेवरच कच्चा नकाशा काढावा, त्यावर प्रत्येक रांगेतील पट्ट्यांची संख्या लिहावी, आणि बाण, आकडे, व्हीलचेअरची खूण, 'प्रवेश' आणि 'निर्गमन' ही अक्षरे वेगळी मोजावीत. बाणाला फुटाचा दर लावू नये. साचा ठेवणे, कडा झाकणे आणि साचा उचलून पुसणे यांत एका बाणाला जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन-तीन पट्टे होतात. नग म्हणून त्याचा दर स्वतंत्र लावावा.

पट्टे जुन्या आखणीवर मारायचे की नवी आखणी करायची, हेही याच वेळी विचारून घ्यावे. जुन्या पट्ट्यांवर काम असेल तर दोरी मारण्याचा, म्हणजे खडू लावलेली दोरी ताणून रेघा उमटवण्याचा जवळजवळ अर्धा दिवस वाचतो. नवी आखणी असेल तर जुने पट्टे घालवण्याचा प्रश्न येतो. नुसता काळा रंग मारून झाकलेला पट्टा उन्हात वेगळा चमकतो आणि चालक गोंधळतात, आणि ग्राइंडरने घासून काढायचा तर मजुरी नव्या पट्ट्याहून जास्त होऊ शकते. हे काम नेहमी स्वतंत्र ओळीत लिहावे.

तिसरी पायरी : माल

घरगुती ऑइलपेंट जमिनीवर वापरू नये. तो उशिरा वाळतो, ओला झाला की घसरतो आणि टायरखाली लवकर झिजतो. रस्त्यावरील पट्ट्यांसाठी वेगळा रंग मिळतो आणि त्यासाठी आयएस १६४ हे भारतीय मानक आहे. डब्यावर ते पाहून घ्यावे.

पट्टा साधारणपणे १० सेंटीमीटर, म्हणजे चार इंच रुंद असतो. त्यामुळे दहा मीटर पट्टा म्हणजे एक चौरस मीटर रंगकाम, हे गणित तोंडपाठ असावे. एका हातात एक लिटर रंग सुमारे पाच चौरस मीटर जातो असे धरले, तर एका लिटरमध्ये एका हाताचा पन्नास मीटर पट्टा होतो आणि दोन हातांचा पंचवीस मीटर. आपला ब्रश, आपला रोलर आणि समोरची जमीन यांवर हा आकडा बदलतो, म्हणून पहिल्या दोन-तीन कामांत डबा मोजून स्वतःचा आकडा काढावा.

मास्किंग टेपचा खर्च बहुतेक जण किरकोळ म्हणून सोडून देतात. पट्ट्याला दोन कडा असतात, त्यामुळे १०० मीटर पट्ट्याला २०० मीटर टेप लागते, आणि वीस मीटरचे रीळ असेल तर दहा रिळे संपतात. मोठ्या कामात हा खर्च रंगाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत सहज जातो.

ग्राहकाने सहा इंची पट्टा मागितला तर रंग दीडपट लागेल, पण सफाई, आखणी, टेप आणि मजुरी जवळजवळ तेवढीच राहील. त्यामुळे दरही दीडपट सांगणे योग्य नव्हे; फक्त वाढलेल्या रंगाचे आणि थोड्या जास्त वेळाचे पैसे लावावेत. असा हिशेब समजावून सांगितला की ग्राहकाचा आपल्यावर विश्वास बसतो, हा माझा अनुभव आहे.

चौथी पायरी : एका दिवसाचा खर्च

माणसांची हजेरी सर्वांना दिसते. न दिसणारा खर्च असतो तो काम नसतानाही चालू राहणारा : फोन, हिशेबनीसाची फी, अवजारांची झीज, विमा, जागा पाहायला घातलेले पेट्रोल, आणि पाहूनही न मिळालेल्या कामांचा वेळ. समजा हा खर्च वर्षाला १,२०,००० रुपये आहे. त्याला ३६५ ने भागणे ही मोठी चूक होईल. कोल्हापूरचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे; जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावरचे काम जवळजवळ बंद असते, बेसमेंटमधील कामे काय ती मिळतात, आणि तिथेही जमीन ओलसर आहे का हे प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवून पाहावे लागते. उरलेल्या आठ महिन्यांतही रोज काम नसते. वर्षाला कामाचे खरे दिवस १५० धरले तर या खर्चाचे दिवसाला ८०० रुपये होतात. ते प्रत्येक कामाच्या प्रत्येक दिवसावर घातलेच पाहिजेत.

आणि स्वतःची हजेरी लावावी. तुम्ही दोरी धरता, नकाशा काढता, माणसांवर लक्ष ठेवता. हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे तर त्याला पैसे द्यावे लागले असते. 'नफा उरेल तो माझा पगार' असे म्हणणाऱ्यांना काम वाढले की मुकादम ठेवणे परवडत नाही, कारण त्यांच्या दरात मुकादमाला जागाच नसते.

पाचवी पायरी : सर्व एकत्र मांडणे

राजारामपुरीसारख्या भागातील एखाद्या रुग्णालयाचे आवार डोळ्यांसमोर आणू. जुने डांबर आहे, वीस-वीस मोटारींच्या दोन रांगा आहेत आणि तीस दुचाकींची एक रांग आहे. मोटारींचे पट्टे २१० मीटर होतात. दुचाकींना ३१ पट्टे गुणिले २, म्हणजे ६२ मीटर. एकूण २७२ मीटर, म्हणजे सुमारे ८९२ फूट. क्षेत्रफळ २७.२ चौरस मीटर आणि दोन हातांचे ५४.४ चौरस मीटर. त्याला ११ लिटर रंग लागेल, सांडलवंड धरून १२ लिटर.

रंग ३०० रुपये लिटरने ३,६०० रुपये. टेप, थिनर, रोलर, खडूची पूड मिळून २,००० रुपये. काम दोन दिवसांचे. एक कारागीर १,००० रुपयांनी आणि दोन मदतनीस ७०० रुपयांनी, म्हणजे दिवसाला २,४०० आणि दोन दिवसांचे ४,८०० रुपये. स्वतःची हजेरी १,२०० प्रमाणे २,४०० रुपये. सामान नेण्या-आणण्यासाठी छोटा हत्ती दिवसाला ८०० प्रमाणे १,६०० रुपये. वर सांगितलेला कायमचा खर्च ८०० प्रमाणे १,६०० रुपये. बेरीज १६,००० रुपये होते. यात रंगाचा वाटा चौथ्या हिश्शाहूनही कमी आहे, हे नव्या माणसाने नीट पाहावे. रंगाच्या भावावर दोन-चार रुपये वाचवण्यासाठी दिवसभर लक्ष्मीपुरीत दुकाने फिरण्यापेक्षा काम अर्धा दिवस लवकर कसे संपेल हे पाहिले तर जास्त पैसे वाचतात.

पुढे महिन्याभरात कुठे रंग उडाला तर पुन्हा हात मारून द्यावा लागतो, त्यासाठी पाच टक्के, म्हणजे ८०० रुपये धरावेत. खर्च झाला १६,८००. आता नफा. वीस टक्के नफा हवा म्हणून १६,८०० वर वीस टक्के चढवले तर २०,१६० रुपये होतात, पण बिलाच्या रकमेत नफा भरतो पावणेसतरा टक्क्यांच्याही आत. बिलाच्या वीस टक्के नफा हवा असेल तर १६,८०० ला ०.८ ने भागावे. उत्तर २१,००० रुपये येते. फरक ८४० रुपयांचा आहे, आणि वर्षभराच्या कामांत तो एका यंत्राची किंमत भरून काढतो.

२१,००० ला ८९२ ने भागले की फुटाचा दर साडेतेवीस रुपये निघतो. ग्राहकाला सांगायचा दर हा. बाण आणि खुणा नगावर वेगळ्या. हाच दर उद्या दुसऱ्या जागी जसाच्या तसा लावायचा नाही, कारण तिथे जमीन वेगळी असेल आणि दिवस वेगळे लागतील.

सहावी पायरी : लहान कामे आणि वरकड आकार

दहा गाड्यांच्या सोसायटीचे काम ५५ मीटरचे असते. १८० फुटांना साडेतेवीस रुपये म्हणजे ४,२३० रुपये. पण माणसे तीच, गाडी तीच आणि दिवसही एक पूर्ण जातोच; वरच्या हिशेबाने मजुरी, हजेरी, गाडी आणि कायमचा खर्च मिळूनच ५,२०० रुपये होतात, माल वेगळा. म्हणून किमान आकार ठरवून ठेवावा आणि तो फोनवरच सांगावा. एकाच गल्लीतील दोन-तीन सोसायट्या एका दिवशी मिळत असतील, ताराबाई पार्कात तसे जमूनही येते, तर तो आकार त्यांच्यात वाटून द्यावा.

रात्रीच्या कामाला दिवे, जनरेटर आणि जादा हजेरी धरावी. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगलीकडच्या कामाला प्रवासाचे तास कामाचे तास म्हणून मोजावेत. गाड्या न हलवल्याने वाया जाणारा दिवस हा सोसायट्यांमधला नेहमीचा त्रास आहे. पहाटे सहाला दोरी ताणून, खडूची पूड लावून, पहिला ठोका जमिनीवर उमटवावा आणि नेमक्या त्याच रेघेवर बाहेरगावी गेलेल्या कोणाची तरी मोटार उभी असावी, हे मी कितीदा पाहिले आहे याची गणतीच नाही. 'जागा मोकळी नसल्यास पुन्हा येण्याचा आकार वेगळा' हे वाक्य दरपत्रकात असावे आणि कामाच्या आदल्या संध्याकाळी फोनही करावा.

साखर कारखान्याच्या आवारातील काम गळीत हंगामाच्या आधी संपेल अशाच बेताने घ्यावे. एकदा उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की जागा मोकळी मिळत नाही, आणि चाकांबरोबर येणाऱ्या शेतातल्या चिखलाने नवा पट्टा आठवड्यात काळा होतो. मंगल कार्यालयांची विचारणा दिवाळीच्या आसपास, तुळशीच्या लग्नानंतरची धांदल सुरू होण्यापूर्वी येते. या दिवसांत दर पाडण्याची गरज नसते.

गरम थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे रंगाऐवजी वितळवलेल्या मालाचा जाड पट्टा ओतण्याचे काम नव्या माणसाने अंगावर घेण्यापूर्वी विचार करावा. रस्त्यांच्या कामात त्याची जाडी २.५ मिलिमीटर धरतात, म्हणजे चौरस मीटरला सुमारे पाच किलो माल लागतो. आपल्या रुग्णालयाच्या उदाहरणात १३६ किलो. माल १८० अंश सेल्सियसच्या पुढे वितळवण्यासाठी भट्टी, गॅस आणि भाजण्यापासून जपणारी सवयीची माणसे लागतात, आणि भट्टी तापायला लागणारा वेळ काम लहान म्हणून कमी होत नाही. असे काम आले तर यंत्र असणाऱ्याकडून चौरस मीटरचा दर घ्यावा, आपली देखरेख त्यात मिळवावी आणि तोच पुढे सांगावा.

सातवी पायरी : दरपत्रक, घासाघीस आणि कर

दरपत्रकात पट्ट्याची रुंदी, हातांची संख्या, रंगाचा प्रकार, जमिनीची आजची स्थिती, पाणी आणि वीज कोणाची, दराची मुदत आणि पैसे देण्याचे टप्पे एवढे लिहिलेच पाहिजे. निम्मी रक्कम आगाऊ घेण्यात संकोच करू नये. रंगाची हमी देताना तळातून जमीन उखडणे, ऑइल गळणे आणि जड वाहनांचे चाक जागेवर वळवणे या तीन गोष्टी वगळाव्यात.

'दुसरा बारा रुपये फुटाने करतोय, काका, तुम्हीच एवढे का सांगता?' असे तरुण सेक्रेटरी विचारतात. अशा वेळी दर खाली आणू नये. काम खाली आणावे. दोन हातांऐवजी एक हात, सर्व रांगांऐवजी या वर्षी पुढची रांग, किंवा सफाई सोसायटीने करून द्यावी, असे पर्याय आकड्यांसह मांडावेत. एकदा कारणाशिवाय दर उतरला की शेजारच्या इमारतीत तोच आपला दर म्हणून पोहोचतो.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही; मात्र रंग घेताना आपण भरलेला कर परतही मिळत नाही, म्हणून मालाचा भाव करासह धरावा. नोंदणी असेल तर वरच्या उदाहरणात १८ टक्क्यांनी ३,७८० रुपये वाढून बिल २४,७८० रुपयांचे होईल, आणि दर सांगताना 'कर वेगळा' हे शब्द सुरुवातीलाच उच्चारावेत. कंपन्या एका बिलाची रक्कम ३०,००० रुपयांहून जास्त असेल किंवा वर्षाची बेरीज १ लाखावर गेली तर वैयक्तिक कंत्राटदाराच्या बिलातून १ टक्का कर कापून घेतात. तो तोटा नव्हे, विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. पण हातात येणारी रक्कम तेवढी कमी असते, हे मजुरांचे पैसे ठरवताना लक्षात असू द्यावे.

काम संपले की त्याच संध्याकाळी वहीत चार गोष्टी उतरवाव्यात : रंग प्रत्यक्षात किती लिटर गेला, टेपची रिळे किती संपली, सफाईला किती तास गेले आणि प्रत्यक्ष पट्टे मारायला किती. समोर अंदाजाचे आकडे लिहावेत. माझ्या वहीत पहिल्या वर्षी रंगाचा अंदाज बहुतेक कामांत बरोबर निघाला होता आणि सफाईचा जवळजवळ प्रत्येक वेळी निम्म्याने चुकला होता. पुढच्या दसऱ्याआधी नवे दर काढताना मी फक्त तो एक रकाना बदलला.